अहवाल आला, उत्तर राहिलं

जनुकीय तपासणीच्या अहवालात कधी कधी असा एक शेरा येतो की तो वाचून डॉक्टरांनाही पुढे काय बोलावं ते सुचत नाही. 'व्हेरियंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स', म्हणजे अनिश्चित अर्थाचा बदल. दवाखान्यात त्याला नुसतं 'व्हीयूएस' म्हणतात. मुलाच्या अमुक एका जनुकात एका अक्षराचा फरक सापडला आहे. पण आजार त्या फरकामुळेच आहे की तो फरक घराण्यातल्या नाकाच्या ठेवणीसारखा निरुपद्रवी आहे, हे सांगता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. या तपासणीसाठी कुणी दागिना गहाण टाकलेला असतो, कुणी मुंबईला असलेल्या चुलत्याकडून पैसे आणलेले असतात. आणि हातात पडतो तो हा शेरा.

भोर किंवा वेल्हे तालुक्यातलं मूल या शेऱ्यापर्यंत कसं पोहोचतं ते पाहण्यासारखं आहे. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांमधून वर्षातून दोनदा आणि शाळांमधून एकदा मुलं तपासतात. उशिरा चालणारं, वारंवार पडणारं, झटके येणारं मूल त्यात लक्षात येतं. मग तालुक्याचं रुग्णालय, मग जिल्ह्याचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र, मग पुण्यातले मेंदूविकारतज्ज्ञ. एमआरआय, रक्ताच्या तपासण्या, आणि त्यातूनही काही कळलं नाही तर 'एक्झोम' तपासणी. माणसाच्या सुमारे 20 हजार जनुकांमधला प्रथिनं घडवणारा भाग एकदम वाचून काढायचा. वाचणं आता सोपं झालं आहे. अडचण नंतरची आहे. नमुना म्हणून जो संदर्भ-जनुकसंच ठरवला आहे त्याच्याशी ताडून पाहिलं तर तुमच्या-माझ्यातही वीसेक हजार फरक निघतात. त्यातला गुन्हेगार कोणता, हे ओळखायचं असतं. निम्म्याहून अधिक रुग्णांच्या बाबतीत ही तपासणी पक्कं निदान देऊ शकत नाही, आणि त्यातल्या बऱ्याच अहवालांवर अनिश्चिततेचा हा शिक्का बसतो.

आपल्याकडे हा शिक्का जास्त बसतो, त्यालाही कारण आहे. एखादा फरक निरुपद्रवी ठरवण्याची सोपी रीत म्हणजे तो निरोगी लोकांमध्ये किती आढळतो ते पाहणं. जगातल्या जनुकांच्या मोठ्या नोंदी बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांच्या आहेत. गुंजवणी, कानंदी, नीरा आणि वेळवंडीच्या खोऱ्यांतल्या मराठा, महादेव कोळी किंवा कातकरी कुटुंबातला एखादा फरक तिथे नसेल, तर तो दुर्मीळ म्हणून संशयित ठरतो. कदाचित इथल्या प्रत्येक वाडीत तो सुखाने नांदत असेल. देशातल्या 10 हजार लोकांचे जनुकसंच वाचणाऱ्या 'जीनोम इंडिया' प्रकल्पाची माहिती 2025 च्या जानेवारीत संशोधकांसाठी खुली झाली. तिचा उपयोग होईल, पण एवढ्या जातीजमातींच्या देशात 10 हजार ही सुरुवातच म्हणायची.

त्यात आपल्या सोयरिकी. मामाची मुलगी करायची पद्धत या भागात नवी नाही. सख्ख्या आते-मामे भावंडांचा जनुकांचा सरासरी आठवा हिस्सा समान असतो. त्यामुळे एकच सदोष प्रत आई आणि वडील अशा दोघांकडूनही मुलाला मिळण्याची शक्यता वाढते. असा आजार असेल तर पुढच्या प्रत्येक गरोदरपणात चारात एक एवढी जोखीम असते. आजार मुलातच नव्याने उपजलेल्या बदलाचा असेल, तर पुढची जोखीम अगदी थोडी. या दोन शक्यतांमध्ये केवढं अंतर आहे! 'व्हीयूएस'चा शेरा नेमकं हेच अंतर झाकून ठेवतो. दुसरं मूल होऊ द्यायचं की नाही, हे ठरवणारं जोडपं त्या झाकणावर बसलेलं असतं. सासरी बोलणी ऐकायची वेळ बहुतेकदा सुनेवरच येते, हे वेगळं सांगायला नको.

पैशाचाही प्रश्न आहे. दुर्मीळ आजारांच्या 2021 च्या राष्ट्रीय धोरणात यादीतल्या आजारांसाठी 50 लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. त्यासाठी देशभरात जी उत्कृष्टता केंद्रं नेमली त्यात मुंबईचं केईएम रुग्णालय आहे. पण मदत मागायची तर आजाराला नाव हवं. 'बहुधा अमुक' या नावाच्या रकान्याला ही दारं उघडत नाहीत.

हा तिढा सोडवायला एक चिलट मदत करू शकतं, असं म्हटलं तर वाचणाऱ्याला थट्टा वाटेल. पण उत्तर खरोखरच तिथे आहे, आणि ते भोरपासून पन्नासेक किलोमीटरवर, पुण्यात आहे.

आधी नावाचा गोंधळ दूर करतो. शेतकरी जिला फळमाशी म्हणतात, जिच्यासाठी आंब्याच्या झाडाला आणि दोडक्या-कारल्याच्या मांडवात कामगंध सापळे टांगतात, ती ही नव्हे. ती फळात अंडी घालते आणि माल नासवते. प्रयोगशाळेतली माशी म्हणजे पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांवर घोंगावणारं, तांबड्या डोळ्यांचं, तीनेक मिलिमीटरचं चिलट. शास्त्रीय नाव ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर. 25 अंश तापमानात अंड्यापासून माशी व्हायला तिला सुमारे दहा दिवस लागतात. काचेच्या छोट्या बाटलीत मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगर यांचं खाद्य घालायचं, वर कापसाचा बोळा, संसार सुरू. माणसाच्या आजारांशी जोडलेल्या ज्ञात जनुकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जनुकांचं कुठलं ना कुठलं भावंड या माशीत सापडतं.

माशीच्या जनुकांशी खेळण्याची हत्यारं शंभर वर्षांत घडत गेली आहेत. 1910 मध्ये न्यूयॉर्कला थॉमस हंट मॉर्गन यांना तांबड्या डोळ्यांच्या माश्यांमध्ये पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला, तिथून सुरुवात. पुढे हर्मन म्युलर यांनी क्ष-किरणांनी हवे तेवढे बदल घडवून दाखवले. पण ते अंधारात दगड मारण्यासारखं होतं, कुठे लागेल ते सांगता यायचं नाही. 1982 मध्ये अ‍ॅलन स्प्रॅडलिंग आणि जेराल्ड रुबिन यांनी माशीच्या जनुकसंचात आपोआप उड्या मारणाऱ्या एका तुकड्यावर हवं ते जनुक लादून ते माशीत बसवलं. तेव्हापासून माशीला बाहेरचं जनुक देता येऊ लागलं. गंमत म्हणजे मॉर्गनच्या त्या पांढऱ्या डोळ्यांच्या जनुकाचा उपयोग आजही होतो, पण खूण म्हणून. पांढऱ्या डोळ्यांच्या माशीच्या संततीत नारिंगी किंवा तांबडी छटा आली, की नवा तुकडा बसला असं समजायचं.

मला सगळ्यात देखणं वाटतं ते 1993 चं हत्यार. अँड्रिया ब्रँड आणि नॉर्बर्ट पेरिमॉन यांचं, 'गॅल-फोर' नावाचं. ते समजायला भाटघर धरणाचा कालवा डोळ्यांसमोर आणा. कालव्याला अनेक चाऱ्या, प्रत्येक चारीला दार. दार पाटकरी उघडतो. पाटकरी ज्या चारीवर नेमला असेल तिथेच पाणी सुटतं. गॅल-फोर हे यीस्टमधून घेतलेलं प्रथिन म्हणजे पाटकरी, आणि 'यूएएस' हा डीएनएचा तुकडा म्हणजे त्याच पाटकऱ्याला ओळखणारं दार. माशांच्या एका वाणात पाटकरी फक्त मेंदूत नेमायचा, दुसऱ्या वाणात तो फक्त स्नायूत. तिसऱ्या वाणात दार बसवायचं आणि दारामागे हवं ते जनुक ठेवायचं. दारवाल्या वाणात नुसतं दार असतं, ते बंदच राहतं. दोन वाणांचा संकर केला की पोरांमध्ये पाटकरी आणि दार एकत्र येतात, आणि ते जनुक फक्त मेंदूत किंवा फक्त स्नायूत चालू होतं. जगातल्या साठवण केंद्रांत असे हजारो वाण बाटल्यांमध्ये जिवंत ठेवलेले आहेत आणि ते टपालाने मागवता येतात. 2007 मध्ये व्हिएन्नाहून माशीचं जवळपास प्रत्येक जनुक एकेक करून दाबून टाकणारे वाण उपलब्ध झाले. 2013 पासून क्रिस्पर आलं, आणि जनुकाच्या नेमक्या अक्षरावर बोट ठेवणं शक्य झालं.

आता ही हत्यारं 'व्हीयूएस'वर कशी चालतात ते पाहू. मुलाच्या ज्या जनुकात फरक आहे, त्याचं भावंड माशीत शोधायचं. क्रिस्परने त्या जागी असा तुकडा बसवायचा की माशीचं ते जनुक बंद पडेल आणि ज्या ज्या पेशींत ते चालू असायचं तिथे तिथे पाटकरी तयार होईल. माशी आजारी पडते, किंवा जगतच नाही. मग दारामागे माणसाचं निरोगी जनुक ठेवायचं. माशी सावरली, तर माणसाचं जनुक माशीचं काम करू शकतं, हे सिद्ध झालं. मग शेवटची पायरी. तेच जनुक, पण त्या मुलाच्या अहवालातला एका अक्षराचा फरक घेऊन. माशी पुन्हा सावरली, तर तो फरक बहुधा निर्दोष. नाही सावरली, तर संशय पक्का होतो. सावरणं मोजायच्या रीती अगदी साध्या आहेत. बाटली टेबलावर आपटली की निरोगी माश्या भिंतीवरून वर चढतात. ठरावीक सेकंदांत किती चढल्या ते मोजायचं. बाटली दहा सेकंद यंत्रावर घुसळली, तर झटक्यांच्या आजाराचं जनुक बिघडलेल्या काही माश्या उलट्या पडून पाय झाडतात. किती वेळ पडून राहिल्या, ते घड्याळ लावून मोजायचं.

हे केवळ निदानापुरतं राहत नाही. अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या ह्यूगो बेलेन यांच्या प्रयोगशाळेने 2020 मध्ये 'एकॉक्स-वन' जनुकाचं प्रकरण उलगडलं. हे जनुक निकामी झालं की शरीरात लांब साखळीचे मेदाम्ल साठतात आणि मज्जासंस्था झिजते, हे आधीपासून माहीत होतं. तीन रुग्णांमध्ये मात्र त्याच जनुकात वेगळा फरक होता आणि मेदाम्लं साठत नव्हती. डॉक्टर बुचकळ्यात पडले. माशीत पाहिल्यावर कळलं की त्यांच्यात जनुक निकामी झालेलं नाही. ते गरजेपेक्षा जास्त काम करतं आहे आणि पेशींना जाळणारे ऑक्सिजनचे घातक कण तयार करतं आहे. एकाच जनुकाचे दोन उलटे बिघाड. एका बिघाडाच्या माश्या ज्या औषधाने सुधारल्या ते दुसऱ्याला उपयोगाचं नाही. दुसऱ्या बिघाडाला ऑक्सिडीकरणरोधक औषधाने माशीत फरक पडला. नुसत्या अहवालावरून औषध ठरवलं असतं तर चुकीचं ठरण्याची शक्यता मोठी होती.

आणि हे सगळं परदेशातलं आहे असं कुणी समजू नये. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या ओबेद सिद्दिकी यांनी सत्तरच्या दशकात सीमोर बेंझर यांच्यासोबत तापमान वाढलं की लुळ्या पडणाऱ्या माश्यांचा अभ्यास केला. व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी तिथेच माशीच्या वास आणि चवीच्या जनुकांवर काम उभं केलं. पुण्यात पाषाणला आयसरमध्ये एल. एस. शशिधर यांनी माशीच्या पंखाचं रूपांतर कसं ठरतं यावर वर्षानुवर्षं काम केलं. गिरीश रत्नपारखी यांच्या प्रयोगशाळेने तर थेट माणसाचा आजार घेतला: एएलएस, ज्यात स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत जातात. ब्राझीलमधल्या कुटुंबांत 2004 मध्ये सापडलेला 'व्हीएपीबी' जनुकातला एक अक्षराचा फरक त्यांनी माशीत उतरवला आणि पेशीत साचणाऱ्या प्रथिनांच्या गुठळ्या कशाने कमी होतात ते शोधत गेले. आघारकर संशोधन संस्थेतही माशीवर काम चालतं. बदललेले वाण तयार करून देणारी सोय बेंगळुरूला आहे. म्हणजे हत्यारं आहेत, ती चालवणारे हात आहेत, आणि रुग्णही आहेत.

नाही तो मधला रस्ता. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2019 मध्ये 'उम्मीद' उपक्रमातून जनुकीय निदान केंद्रं सुरू केली, मुलांच्या दुर्मीळ आजारांवर हैदराबादच्या सीडीएफडीच्या पुढाकाराने मोहीमही आहे. त्यांचं मोल मी कमी करत नाही. पण भोरच्या रुग्णाच्या डॉक्टरांना 'हा फरक माशीत तपासून द्या' असा अर्ज हक्काने करता येईल, अशी खिडकी मला दिसत नाही. आज हे काम ओळखीवर चालतं. डॉक्टरांचा वर्गमित्र संशोधक निघाला, त्याच्याकडे त्या जनुकात रस असलेला विद्यार्थी असला, तर होतं. धरण भोरचं आणि पाणी खालच्या तालुक्यांचं, ही इथली जुनी तक्रार आहे. रक्ताच्या नमुन्यांचंही तेच होऊ लागलं आहे. नमुना इथून जातो, माहिती कुठल्या तरी नोंदीत जमा होते, आणि घरी परत येतो तो शेरा.

कॅनडाने 2014 मध्ये यावर साधा उपाय काढला. डॉक्टरांनी संशयित जनुक कळवायचं. त्या जनुकावर माशी, मासा किंवा कृमी यांच्यात काम करणारा संशोधक नोंदवहीतून शोधायचा. समिती दोघांची जोडी लावून 25 हजार कॅनेडियन डॉलर, म्हणजे आजच्या दराने 15 लाख रुपयांच्या आसपास, लगेच देते. नवी इमारत नाही, नवं महामंडळ नाही. अशी नोंदवही आणि असा छोटा निधी महाराष्ट्राने करावा, केईएमसारख्या केंद्राकडे त्याचं काम सोपवावं आणि पुण्यातल्या माशीच्या प्रयोगशाळांना त्यात पहिल्या वर्षापासून घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. संमतीचा कागद मराठीत हवा. आणि निकाल शोधनिबंधात छापून येण्याआधी कुटुंबाला कळवण्याची अट हवी.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे: तालुक्याला आधी पुरेसे बालरोगतज्ज्ञ द्या, चिलटांचं नंतर पाहू. 2011 च्या जनगणनेनुसार वेल्हे हा जेमतेम 54 हजार वस्तीचा, जिल्ह्यातला सगळ्यात विरळ तालुका. तिथे पावसाळ्यात रस्ता सुरू राहणं हीच आरोग्यसेवा, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण हे दोन खर्च एकमेकांच्या ताटातले नाहीत. माशीच्या प्रयोगशाळांवरचा पैसा आधीच खर्च होतो आहे. त्यातला थोडा कुणाच्या प्रश्नाकडे वळवायचा, एवढंच ठरवायचं आहे. खरी मर्यादा वेगळी आहे. पाव जनुकांचं भावंड माशीत नाही. बोलणं, शिकणं यातल्या बारीक उणिवा माशीत दिसत नाहीत. आणि माशीचा निकाल हा पुरावा असतो, निवाडा नव्हे; 2015 च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार अशा प्रयोगांना भक्कम पुरावा मानता येतं, पण कुटुंबातल्या इतरांच्या तपासणीशी तो जुळावा लागतो.

'जनुकं बदललेल्या माश्या बाहेर सुटल्या तर?' हेही विचारलं जातं. 1989 पासूनचे जैवसुरक्षेचे नियम त्यांना लागू आहेत आणि प्रत्येक संस्थेत त्यासाठी समिती असते. शिवाय यातले बरेच वाण इतके लुळे-पांगळे असतात की बाटलीबाहेर त्यांचा टिकाव लागणं कठीण.

ज्यांच्या घरात असा अहवाल आज पडून आहे त्यांच्यासाठी काही गोष्टी. 'व्हीयूएस'च्या आधारावर गर्भाबद्दलचा निर्णय घेऊ नये आणि सोयरीकही मोडू नये. तो शेरा त्या कामाचा नाही. माशीपर्यंत जाण्याआधी आई-वडिलांचं रक्त तपासून घ्यावं. निम्मं कोडं पुष्कळदा तिथेच सुटतं, कारण निरोगी बापात तसाच फरक निघाला तर त्या फरकावरचा संशय बऱ्याच वेळा उतरतो. पुढच्या मुलाचा विचार असेल तर हालचाल दिवस जाण्याआधी करावी. माशीला दहा दिवस लागत असले तरी वाण बनवून उत्तर यायला कित्येक महिने जातात, आणि गरोदरपण तेवढं थांबत नाही. दर वर्षा-दोन वर्षांनी जुना अहवाल नव्या माहितीवर पुन्हा तपासून देता येतो का, ते जनुकीय समुपदेशकाला विचारावं. लोक अहवालाचा कागद लॅमिनेट करून जपतात. त्याहून महत्त्वाची असते ती मुलाच्या जनुकवाचनाची मूळ संगणकीय फाइल. ती मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही आणि प्रयोगशाळा ती कायम ठेवतीलच असं नाही, तेव्हा नमुना देतानाच लेखी मागून ठेवावी.